खालचा खण

रविवारी सकाळी, प्रार्थनेची घंटा व्हायच्या आत
मी फलकावरच्या टाचण्या उपटते.
मागच्या आठवड्याच्या बातम्या कडेकडेने पिवळ्या पडलेल्या.
अहमदीचं ऊन व्हरांड्यातही शिरतं,
शाईलासुद्धा सोडत नाही.

मग नवीन लावते.

शब्दलेखन स्पर्धा: दुसरी ब ची तेरेझ हद्दाद, पहिली.
गेंड्याचं इंग्रजी स्पेलिंग एका दमात म्हणाली
आणि मंचावरूनच विचारलं,
पण तो राहतो कुठे?

विज्ञान प्रदर्शन: चौथीचा बेसिल वर्गीस.
एसीच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यावर मेथी.
पत्र्याच्या डब्यात, बेचाळीस अंशांत, हिरवीगार.
परीक्षकांनी तिला भविष्य म्हटलं.
सिस्टर लेओनींनी ती संध्याकाळी भाजीला नेली;
हे बातमीत नाही.

सुलेखन, अरबी: नूरहान.
तिचा नून बघावा. होडीसारखा,
आणि वरचा ठिपका आत्ताच कुणी होडीत टाकल्यासारखा.

चौदा मुलांचा पहिला कम्युनियन.
फोटोत तेराच. जोव्हिटाला ऐन वेळी गालगुंड झालं,
पांढरा झगा घालून ती घरात बसून होती
आणि फोनवर सगळ्यांना सांगत होती, मी पण आहे, मी पण.
मी आकडा चौदाच ठेवला.

जोमारने नाताळच्या नाटकात उंटाचे मागचे पाय केले.
याला बक्षीस नसतं.
तरी त्याच्या आईने तीनदा फोन केला,
म्हणून तळाला एक ओळ:
'उंटाचे सर्व पाय उत्तम.'

आता तोंडी गणित.
पहिला, दुसरा लावले.
तिसरा ऑल्विन तुस्कानो, तिसरी अ.
भुईगावचा. बाप टाक्यांवर वेल्डर.
शाळेत माझ्याशी मराठीत बोलणारं हे एकच पोर,
तेही दबक्या आवाजात, चोरून चिंच खावी तसं:
मावशी, माझं नाव लागेल का गं?
लागेल की, म्हटलं. सतरा सत्ते?
एकशे एकोणीस, म्हणाला, आणि धूम पळाला.

निकाल बुधवारी आला.
मंगळवारी रात्रीच ते गेले.
कंपनीचं काम संपलं, कागद संपले,
चाळीस किलोंत एक घर बसवलं.
दाखला न्यायला बाप आला होता, एकटाच,
हाताला अजून जळक्या लोखंडाचा वास.
सही करताना म्हणाला, पोरगं झोपलंय.

सिस्टर वाईट नाहीत. नियम तेवढा सांगितला:
पटावर आहे त्याचंच नाव फलकावर.
प्रमाणपत्र मग खालच्या खणात गेलं.
तिथे आधीची दहा आहेत.
धावण्यातलं एक, कोलंबोला गेलेल्या मुलीचं.
चित्रकलेचं एक, त्या मुलाचं आडनाव
मी आता वाचल्याशिवाय आठवू शकत नाही.
सोनेरी कडा मात्र अंधारात पिवळी पडत नाही,
एवढं बघून ठेवलंय.

आज मी फलकाच्या कोपऱ्यात
बोटभर चिठ्ठी लावली.
मराठीत. तिसरा: ऑल्विन.
सिस्टर चष्मा वर करून बघत राहिल्या.
हे काय?
माल आल्याची नोंद, म्हटलं. खडूंची.
शुक्रवारी कबुलीला जाईन तेव्हा बघू.

मधल्या सुट्टीत धूळ उठली. गेट दिसेना,
मुलं आत घेतली, दारांच्या फटींना ओली फडकी लावली.
व्हरांड्यात फलकासमोर जोमार एकटा,
चिठ्ठीखाली बोट धरून.
हे चित्र कोणी काढलं? त्याने विचारलं.
वरच्या रेषेला सगळे लटकलेत.

सगळे नाहीत, म्हटलं, एकच आहे.
त्याने वहीच्या मागच्या पानावर
आधी ती आडवी रेष ओढली, लांबलचक,
पानाबाहेर गेली,
मग एकेक अक्षर तिला टांगायला लागला.
'ऑ'वरचा चंद्र उलटा काढला त्याने.
मी दुरुस्त केला नाही.